ज्याला स्क्रू, त्याला पीळ

नारायणगावच्या एका गॅरेजात घोडेगावकडचा एक शेतकरी वडिलांची जुनी पेट्रोल जीप घेऊन आला. महिंद्राची जीप, 2199 सीसीचं हरिकेन इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर आणि गिअर तीनच. त्यातला पहिला चालत्या गाडीत पडायचा नाही. भीमाशंकरच्या वाटेवर तळेघरच्या बाजूला चढ लागला, की दुसऱ्या गिअरमध्ये गाडीचा दम निघायचा, आणि पहिला टाकायचा तर गाडी भर चढात उभी करावी लागायची. शेतकऱ्याला चार गिअरचा बॉक्स बसवून हवा होता.

गॅरेजचे म्हातारे मिस्त्री त्या आठवड्यात लेकीकडे जुन्नरला गेले होते. मागे एक अनुभवी फिटर आणि हाताखाली एक पोरगा होता. पोराला सगळे बारक्या म्हणत. फिटरने काम अंगावर घेतलं. तीन गिअरचा बॉक्स उतरवला, नंतरच्या काळातल्या महिंद्राचा चार गिअरचा चढवला, बेलहाऊसिंग जुळवलं, प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचे करून घेतले. हात सफाईचा होता, गिअर लोण्यासारखे पडू लागले. अवजारं आवरताना ट्रेमध्ये तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी उरली.

"दादा, ही पट्टी राहिली," बारक्या म्हणाला.

"जुन्या बॉक्सची असंल. नव्याला लागत न्हाई. ठेव तिकडं."

बारक्याने पट्टी फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. सेल्फ जड फिरायचा. इंजिन कसंबसं चालू झालं, तरी क्लच सोडून ओढ घेतली की मिसिंग. प्लग काढले तर काळे. फिटर म्हणाला, "पेट्रोल जास्त जातंय." त्याने मिक्श्चरचा स्क्रू आत घेतला, बारीक जेट घातला. आता कार्बोरेटरमधून उलटे फटके येऊ लागले. मग स्क्रू बाहेर, स्लो वाढवली, फ्लोट खालीवर करून पाहिला. आधी निदान एक दुखणं होतं, आता दोन झाली. आणि दुसरं पहिल्यावर पांघरूण घालून बसलं.

शेतकरी वैतागला. फिटरने शेवटचा निवाडा दिला, "कार्बोरेटर धुतला कुणी? बारक्यानं. जेटमध्ये कचरा ठेवला असंल." बारक्या गप्प राहिला. त्याच्या आठवड्याच्या पैशातून नवा कार्बोरेटर आणायचा खर्च थोडाथोडा कापायचा, असंही ठरलं.

मिस्त्री परतले. त्यांनी बॉनेट उघडलं, पण कशालाच हात लावला नाही. आधी शेतकऱ्याला विचारलं, "बॉक्स बदलायच्या आधी गाडी चालू व्हायची का?"

"एका सेल्फात."

"तेव्हा कार्बोरेटर कुठला होता?"

"हाच की."

"मारा सेल्फ." शेतकऱ्याने सेल्फ मारला. मिस्त्रींनी चोकच्या तारेवर बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. तार तापली होती.

"चोकची तार कशानं तापते रे?" त्यांनी फिटरला विचारलं. फिटर तारेकडे बघत राहिला.

मिस्त्रींनी बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या ब्लॉकला एक जाड केबल लावली. "आता मारा." इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

मग त्यांनी समजावलं. इंजिन आणि बॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात आणि रबरातून वीज जात नाही. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो. तो करंट ब्लॉकमधून चॅसीत परतायचा, तो त्या विणलेल्या पट्टीतून. पट्टीच नाही म्हटल्यावर त्याने चोकची तार, अ‍ॅक्सिलरेटरचा रॉड अशा मिळेल त्या आडवाटा धरल्या. वीज अपुरी, म्हणून ठिणगी लेची. ठिणगी लेची, म्हणून पेट्रोल नीट जळेना आणि प्लग काळे. ओढ घेताना इंजिन रबरावर कलायचं, तेवढ्यात ती आडवाटही सुटायची आणि मिसिंग व्हायचं.

फिटरने पट्टी फळीवरून आणली, चॅसीवरचा रंग खरवडून धातू उघडा केला आणि ती घट्ट आवळली. मिस्त्रींनी पुढचं सगळं क्रमाने करून घेतलं. आधी टॅपेट, मग पॉइंटचा गॅप अर्धा मिलिमीटर, मग टायमिंग. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. मूळ जेट परत घातला. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने मिटवून दीड फेरा उघडला, इंजिन तापू दिलं आणि स्लो सर्वांत स्थिर लागेल तिथे स्क्रू थांबवला. शेतकरी डिंभ्यापर्यंत जाऊन आला. प्लग बिस्किटाच्या रंगाचे निघाले.

पैसे देताना शेतकरी म्हणाला, "मिस्त्री, दोष पट्टीचा, तर सगळे कार्बोरेटरच्या मागे का लागले?"

"कारण त्याला स्क्रू आहे. नसलेली पट्टी डोळ्यांना दिसत नाही, आणि आपणच केलेल्या कामात खोट काढायला मन धजत नाही. स्क्रू मात्र समोर असतो, फिरवला की फिरतो, तक्रार करत नाही." मग ते फिटरकडे वळले. "अन् कार्बोरेटर पिळून झाला, तेव्हा तू या पोराला पिळलंस. तोही फिरवला की फिरतो. त्यानं पट्टीबद्दल विचारलं होतं का?"

"विचारलं होतं," फिटर खाली मान घालून म्हणाला.

बारक्याचे पैसे कापले गेले नाहीत. गॅरेजात त्या दिवसापासून एक नियम लागू झाला: काम संपल्यावर ट्रेमध्ये काही उरलं असेल, तर त्याचा जाब मिळेपर्यंत किल्ली फिरवायची नाही, आणि तो जाब विचारायचा हक्क गॅरेजातल्या सगळ्यात लहान माणसाचा.

तात्पर्य: बिघाड झाला की आधी आपण शेवटचं काय बदललं ते तपासावं. जो मुकाट्याने वाकतो तोच दोषी, असं धरून चालणाऱ्याला दोष कधी सापडत नाही, वाकणारा मात्र मोडतो.