फाटा आणि फूट

एकत्र काम करणाऱ्या माणसांपैकी काहींनी वेगळी वाट धरली, तर त्यांच्या हातून अपराध घडला असे म्हणता येईल काय? वाचकहो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. कुटुंबे, संस्था, मंडळ्या यांत तो कधी ना कधी उभा राहतोच; आणि बहुधा तो जमीन, इमारत व बँकेतील ठेव यांच्या हिशेबात असा गुरफटतो की, मूळ नैतिक प्रश्न कोणता होता हेच उमजेनासे होते. म्हणून आज मी आपणांस अशा क्षेत्रात नेऊ इच्छितो, जेथे जमीन नाही, इमारत नाही, अनेकांना पगारही नाही, आणि तरीही माणसे भांडतात व वेगळी होतात. ते क्षेत्र मुक्त सॉफ्टवेअरचे.

संगणकाच्या आज्ञावलीची मूळ संहिता माणसे लिहितात. मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यानुसार ही संहिता कोणीही वाचावी, तिची नक्कल करावी, तीत बदल करावा आणि बदललेली प्रत इतरांस द्यावी, अशी मुभा असते. साहजिकच ज्याला मुख्य मंडळींचे वागणे पटत नाही तो संपूर्ण संहिता उचलून आपले काम निराळे सुरू करू शकतो. याला त्या क्षेत्रात ‘फोर्क’ म्हणतात. भाषांतर करणाऱ्याला येथे थबकावे लागते. रस्त्याला फुटतो तो ‘फाटा’, त्यात दोष कोणाचाच नसतो. ‘फूट’ म्हटले की मात्र कोणीतरी ती पाडलेली असते. इंग्रजी शब्द या दोहोंत निवड करीत नाही. आपल्याला ती करावी लागते.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. भावाभावांत वाटणी झाली की प्रत्येकाचे शेत लहान होते. समितीतून कोणी उठून गेला तर मसुदा समितीकडेच राहतो. जाणारा रिकाम्या हाताने जातो. (आम्हा भाषांतरकारांना याचा चांगला परिचय आहे. एकेका शब्दावर दिवस घालवूनही आम्ही खुर्ची सोडत नाही, याचे कारण सदैव प्रेमच असते असे नाही!) संहितेची गोष्ट निराळी. वेगळे होणाऱ्यांपाशी ती संपूर्ण जाते आणि राहणाऱ्यांपाशीही संपूर्ण उरते. मग वाटणी होते कशाची? माणसांच्या वेळेची, परस्परांवरील विश्वासाची, आणि नावाची. माझ्या मते या तीन गोष्टींपाशी आपण काय करतो यावरच फाटा की फूट हे ठरते. निघून जाण्यावर नव्हे.

जीसीसी ही आज्ञावली पाहा. एका अर्थी ती आमच्याच व्यवसायातील आहे, कारण माणसाने लिहिलेल्या संहितेचे ती यंत्राच्या भाषेत रूपांतर करते. रिचर्ड स्टॉलमन यांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ती सांभाळली. सांभाळण्याची रीत सावध होती. नवी दुरुस्ती मुख्य प्रतीत येण्यास फार काळ लागे, आणि घडत असलेले काम मोजक्या लोकांनाच पाहावयास मिळे. सावधपणालाही कारण होते: हजारो लोक ज्या आज्ञावलीवर विसंबून आहेत ती बिघडू नये. परंतु स्वेच्छेने श्रम करणाऱ्याची दुरुस्ती खितपत पडली की तो दुरुस्त्या पाठविणे थांबवितो, अथवा आपली निराळी प्रत काढतो. अशा प्रती खरोखरच निघाल्या होत्या. अखेर १९९७ च्या ऑगस्टमध्ये सिग्नस कंपनीतील काही अभियंते व इतर सहकारी यांनी त्या विखुरलेल्या प्रती एकत्र गुंफण्यासाठी ‘ईजीसीएस’ या नावाने उघड काम आरंभिले.

येथे त्यांनी काय केले नाही ते पाहण्याजोगे आहे. त्यांनी जुन्या नावावर हक्क सांगितला नाही. तसेच आपल्या दुरुस्त्यांचे स्वामित्वहक्क फाउंडेशनच्या नावे करून देण्याची जुनी पद्धत त्यांनी मोडली नाही. ज्या घरातून बाहेर पडलो त्याच घराच्या नावे नवी कमाई लिहून ठेवावी, हे मला विलक्षण वाटते. परिणामी १९९९ च्या एप्रिलमध्ये फाउंडेशनने ईजीसीएसच्या मंडळींनाच जीसीसीचे अधिकृत सांभाळकर्ते नेमले, तेव्हा कागदपत्रांची एकही अडचण आड आली नाही. त्याच वर्षी जुलैत एकत्रित झालेली पहिली आवृत्ती निघाली. फाउंडेशनचाही मोठेपणा विसरू नये. आपल्याला सोडून गेलेल्यांचे काम सरस ठरले हे मान्य करून त्यांच्याच हाती किल्ल्या देणे किती संस्थांना जमते, हे आपण आपल्या मनाशी विचारावे. पौल आणि बर्णबा मार्काच्या प्रश्नावरून वेगळे झाले, आणि पुढे पौलाने त्याच मार्काला बोलावून घेतले, याची येथे आठवण होते.

कोणी म्हणेल, ‘ते यशस्वी झाले म्हणून ही स्तुती. अपयशी झाले असते तर त्यांना बंडखोरच म्हटले असते.’ आक्षेप योग्य आहे. म्हणून निवाडा यशावर सोपवू नये. परतीची वाट त्यांनी राखली ती यशाची खात्री नसताना राखली, हे पाहावे.

दुसरे उदाहरण इतके सुखद नाही. एफएफएमपेग ही ध्वनी व चित्रफिती हाताळणारी आज्ञावली आहे. २०११ च्या जानेवारीत तिच्या काही लेखकांनी नेतृत्व बदलल्याचे जाहीर केले. नावाचा वाद झाला, आणि मार्चमध्ये त्यांचे काम ‘लिबएव्ही’ या नावाने निराळे झाले. त्यांचे म्हणणे असे की, कोणाचाही बदल दुसऱ्याने तपासल्यावाचून आत येऊ नये. मला ही मागणी रास्त वाटते. आमच्या कामात तर तिच्यावाचून पानही हलत नाही. परंतु पुढे डेबियन व उबुंटू या प्रणालींत लिबएव्हीची प्रत गेली, आणि तीत ‘एफएफएमपेग’ हा आदेश दिला की, हा आदेश आता कालबाह्य आहे, दुसरा वापरावा, अशी सूचना पडद्यावर येई. शब्दशः ती खरी होती, कारण ती त्यांच्या प्रतीतील त्या एका आदेशाविषयी होती. वाचणाऱ्याला मात्र मूळ प्रकल्पच बंद पडला असे वाटे. प्रत्येक शब्द अचूक आणि अर्थ चुकीचा, हा दोष भाषांतरात आम्ही अक्षम्य मानतो. नावाच्या बाबतीत मी तो तितकाच गंभीर मानीन, कारण येथे हानी पोहोचली ती ज्यांचा या भांडणाशी काहीच संबंध नव्हता अशा सामान्य वापरकर्त्यांना. डेबियनच्या मंडळींनाही दोन्ही प्रतींची सुरक्षा सांभाळण्याचे दुहेरी ओझे नको होते. २०१५ मध्ये ते एफएफएमपेगकडे परतले.

दरम्यान एफएफएमपेगचे नेते मिखाएल नीडरमायर यांनी एक काम वर्षानुवर्षे केले. लिबएव्हीत झालेले बदल ते नेमाने आपल्या प्रतीत आणीत राहिले. यात उदारता किती आणि चातुर्य किती हे मी सांगू शकत नाही, दोन्ही असावीत. २०१५ मध्ये त्यांनी नेतेपद सोडले, आणि आपण दूर झाल्याने दोन्ही बाजू एकत्र येतील अशी आशा व्यक्त केली. जीसीसीसारखे रीतसर मीलन झाले नाही. लिबएव्हीचे काम हळूहळू थांबले, तिकडचे काही जण इकडे आले. नीडरमायर मात्र प्रकल्प सोडून गेले नाहीत. साधे सहकारी म्हणून दुरुस्त्या पाठवीत राहिले.