देहाचा जमाखर्च

मेद उतरविण्याचा संकल्प सोडणारा मनुष्य बहुधा प्रथम अन्नाशीच वैर धरतो. परंतु एक किलो मेदात सुमारे 7,700 किलोकॅलरींची शिल्लक असते, आणि ती थोडक्याच दिवसांत उडवू पाहणाऱ्याच्या स्नायूंवरही निसर्ग जप्ती आणतो, हे त्याच्या ध्यानी येत नाही. म्हणून रोजच्या खर्चाहून 500 किलोकॅलरी कमी घ्याव्यात, वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने ठेवावीत, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलून स्नायूंची निकड देहाला पटवून द्यावी.

मग हे तप म्हणावे की देहासक्ती? गीतेचा सहावा अध्याय अतिभोजन करणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योगाचा अधिकार नाकारतो. दुसरी भाकरी अर्धी मोडून टोपलीत परत ठेवणारा हात आणि दहाव्या खेपेस लोखंडी दांड्याखाली थरथरणारा हात एकच असतो. पण त्या श्रमाची वसुली जो रोज आरशाकडे मागतो तो देहाचा ताबेदार, आणि जो हिशेब चोख ठेवूनही फळाचा तगादा लावीत नाही, तोच माझ्या मते तपस्वी.