मणिरत्नमवर रागावताना

‘ठग लाइफ’ ५ जून २०२५ला लागला आणि पहिल्याच शनिवार-रविवारी त्याचा निकाल लागला. कमल हासन आणि मणिरत्नम ‘नायकन’नंतर ३८ वर्षांनी एकत्र आले होते. संगीत रेहमानचे, कॅमेरा रवी के. चंद्रन यांचा, नायकाचे नावही पुन्हा शक्तिवेलच. थिएटरातून बाहेर पडणारे चिडलेले कमी आणि दुखावलेले जास्त दिसत होते. सुमार सिनेमे दर शुक्रवारी येतात, पण त्यांच्यावर कोणी रुसत नाही. रुसायला नाते लागते.

या नात्याचा पीळ बघायचा तर कावेरीच्या खोऱ्यात जावे. तंजावरहून रेल्वेने निघाले की पापनाशम, सुंदरपेरुमाळ कोयिल, स्वामिमलै, दारासुरम आणि मग कुंभकोणम. चोळांची जुनी राजधानी पळैयारै याच टापूत. कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही चोळांवरची कादंबरी १९५० ते ५४ या काळात साप्ताहिकातून क्रमशः आली, तेव्हापासून ही गावे तमिळ घराघरांत पाठ आहेत. मणिरत्नमने ती दोन भागांत, २०२२ आणि २०२३मध्ये, पडद्यावर आणली. पैसा अमाप मिळाला, तरी कादंबरी कोळून प्यायलेल्यांची कुरकुर थांबली नाही. मणिमेकलै हे पात्रच गाळले, म्हणून कित्येक वाचक अजून हळहळतात. आमच्या मनातले तू का बदललेस, ही कुरकुर मला पटत नाही. कादंबरी शाबूत आहे, ती कपाटात आहे.

‘ठग लाइफ’बद्दलची तक्रार मात्र वेगळी आहे. तिथे मोडायला कादंबरी नव्हती, होती ती फक्त दिग्दर्शकाची स्वतःची कीर्ती. ‘नायकन’ची अपेक्षा ठेवून आलेल्यांची मणिरत्नमने माफी मागितल्याच्या बातम्याही छापून आल्या. आम्हाला मागे जायचे नव्हते, वेगळे काही करायचे होते, असा त्यांचा सूर. हे ऐकून मी जास्तच वैतागलो. दुसरा ‘नायकन’ कोणाला हवा होता? ‘नायकन’ ज्याच्यावर बेतला त्या वरदराजन मुदलियारची धारावी-माटुंग्याची मुंबई आता उरलीही नाही. हवी होती ती त्या सिनेमाची हिंमत. म्हातारा वेलू नायकर चांगला की वाईट, हा प्रश्न नातू विचारतो आणि सिनेमा उत्तर न देता थांबतो. ‘ठग लाइफ’चा शक्तिवेल हिमकड्यांतून पडूनही जिवंत परततो आणि एकेकाचा हिशेब चुकता करतो. त्याला कोणी काही विचारतच नाही.

इथे ‘मणिरत्नम संपला’ असे म्हणून मोकळे होता येते. मला ते आळशीपणाचे वाटते. ‘नायकन’चे संवाद बालकुमारन यांचे. ते याच तंजावर जिल्ह्याचे, कादंबरीकार म्हणून स्वतःचा वाचक असलेले. ‘रोजा’पासून पुढे कितीतरी वर्षे श्रीरंगमला वाढलेले लेखक सुजाता शब्द पुरवत राहिले. सुजाता २००८मध्ये गेले, बालकुमारन २०१८मध्ये. ‘ठग लाइफ’ लिहिला मणिरत्नम आणि कमल या दोघांनी. एकमेकांबद्दल अपार आदर असलेली दोन मोठी माणसे एका टेबलाशी बसली तर ‘हे जमलेले नाही’ असे कोण म्हणणार?

आपल्याकडे शांतारामबापूंचे काय झाले? ‘कुंकू’मागे ना. ह. आपट्यांची कादंबरी होती, ‘दो आँखें बारह हाथ’मागे गदिमा. सत्तरी गाठताना, १९७२ला, ‘पिंजरा’ केला तेव्हा संवादांना शंकर पाटील होते, म्हणून त्यातल्या मास्तरची घसरण तमाशाच्या फडातल्या मराठीत ऐकू येते. रंगांचा आणि नाचाचा सोस बापूंना त्याआधीही होता, नंतरही राहिला. त्यांचा शेवटचा ‘झंझार’ १९८७चा, म्हणजे ‘नायकन’च्याच वर्षीचा. आज तो किती जणांना आठवतो?

मोठ्या कलावंताला कोण आवरणार, ही अडचण स्वामिमलैचे मूर्तिकार स्थपती वेगळ्या रीतीने सोडवून बसले आहेत. मूर्ती आधी मेणात घडते, तिच्यावर कावेरीच्या गाळाचे लेप चढतात, मेण वितळून जाते, त्या पोकळीत पंचधातूचा रस ओततात आणि शेवटी साचा फोडतात. प्रमाणे ठरतात नारळीच्या झावळीच्या पट्टीवर. मूर्तीच्या उंचीएवढी पट्टी घ्यायची आणि घड्या घालून तिचे भाग पाडायचे. हात कितीही बसलेला असो, नटराजाचा पाय पट्टीबाहेर जात नाही. दिल्लीच्या भारत मंडपमसमोर २०२३मध्ये उभा राहिलेला २७ फुटी नटराज याच स्थपतींचा, आणि तो चिदंबरम, कोनेरिराजपुरम आणि तंजावरच्या जुन्या नटराजांवर बेतलेला आहे. तोच तो नटराज पुन्हा केला, अशी ओरड कोणी केल्याचे माझ्या कानावर नाही. चोळांच्या मूर्तींवर तर कारागिराचे नावही नसते. सिनेमात नाव आधी येते, तिकीट नावावर खपते आणि पट्टी कोणाच्याच हातात नसते.

दिग्दर्शकाजवळ वेगळा लेखक हवा, या माझ्या म्हणण्याला मोठा अडथळा आहे ‘मौन रागम’चा. १९८६चा हा सिनेमा मणिरत्नमने स्वतःच लिहिला. लग्न करून दिल्लीला आलेली दिव्या, परकी भाषा, नकोसा नवरा, थंड घर. दिल्ली त्यात एकटेपणासारखी अंगावर येते. ‘ठग लाइफ’मध्येही दिल्लीच आहे, पण गोळीबारासाठी गल्ल्या पुरवण्यापलीकडे तिला काम नाही. मग लेखकाच्या रिकाम्या खुर्चीचा मुद्दा टिकतो का? टिकतो, असे मला वाटते. तेव्हा मणिरत्नम तिशीचा होता, आधीचे त्याचे सिनेमे फारसे चालले नव्हते, आणि निर्माता थोरला भाऊ होता. ‘नायकन’चे निर्मातेही दुसरेच, मुक्ता श्रीनिवासन. ‘ठग लाइफ’च्या निर्मात्यांत कमल यांची राजकमल आहे आणि मणिरत्नम यांची स्वतःची मद्रास टॉकीज.