जुन्या आवृत्त्यांचा सांभाळ

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा परवाना आपल्याला पुष्कळ काही देतो. प्रोग्राम वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा. पण हे सगळे हक्क हातात प्रत असेल तरच कामाचे. ती प्रत दहा वर्षांनी कुठं मिळेल, याची हमी कोणताही परवाना देत नाही. ती हमी कुणाच्या तरी डिस्कवर आणि कुणीतरी भरलेल्या विजेच्या बिलावर उभी असते. म्हणून डाउनलोडची व्यवस्था आणि जुन्या आवृत्त्यांची जपणूक यांना मी या स्वातंत्र्याचा पाया मानतो.

यातली पहिली व्यवस्था म्हणजे मिरर. डेबियन या लिनक्स-आधारित प्रणालीसारख्या प्रकल्पाचा मूळ साठा एका ठिकाणी असतो. जगभरातली विद्यापीठं, संशोधन संस्था आणि इंटरनेट कंपन्या तो आपल्या सर्व्हरवर उतरवून घेतात आणि मूळ साठा बदलला की आपली प्रतही ताजी करतात. मिरर चालवणाऱ्याची ओळख नसली तरी आपलं काही अडत नाही. प्रकल्पाची डिजिटल सही असलेल्या ‘रिलीज’ फायलीत पॅकेजांच्या याद्यांचे चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे, असतात आणि त्या याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा चेकसम असतो. आपल्या संगणकावर पॅकेजं बसवणारं ‘एपीटी’ हे साधन ही साखळी शेवटच्या कडीपर्यंत तपासतं. एका अक्षराचा फरक आढळला तरी पॅकेज नाकारलं जातं. परस्परांना कधीही न भेटलेली माणसं या भरवशावर एकमेकांच्या उपयोगी पडतात, याचं मला फार मोल वाटतं.

मात्र मिररच्या संख्येवर विसंबून राहणं धोक्याचं आहे. मार्च २०१३ मध्ये केडीई या डेस्कटॉप सॉफ्टवेअर प्रकल्पाचा मूळ कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या गिट सर्व्हरची फाइल सिस्टिम बिघडली. तिथं सुमारे दीड हजार रेपॉझिटरी, म्हणजे कोडचे साठे, होत्या. मिरर मूळ सर्व्हरकडून रेपॉझिटरींची यादी घेत आणि तिच्याबरहुकूम स्वतःत बदल करत. त्या दिवशी बिघडलेली यादी आली. मिररनी तीही इमानेइतबारे पाळली आणि आपल्याकडच्या चांगल्या रेपॉझिटरी पुसून टाकल्या. नव्यानं उभ्या केलेल्या एका सर्व्हरवर शाबूत प्रत सापडली, म्हणून वर्षानुवर्षांचं काम वाचलं. आज्ञाधारकपणा हा मिररचा गुण, आणि त्याची मर्यादाही तीच. सगळ्या प्रती एकाच इशाऱ्यावर हलत असतील, तर जपणुकीच्या हिशेबात ती एकच प्रत धरावी लागते.

जपणुकीला वेगळी जागा लागते आणि वेगळा नियमही लागतो: इथं भर पडेल, पण काही पुसलं जाणार नाही. डेबियन मुदत संपलेल्या आवृत्त्या मिररवरून काढून स्वतंत्र अर्काइव्हमध्ये ठेवतं. शिवाय त्यांची ‘स्नॅपशॉट’ ही सेवा २००५ पासूनच्या साठ्याची तारीखवार रूपं जपते. पत्त्यात तारीख आणि वेळ घातली, की त्या घटकेला साठ्यात काय होतं ते मिळतं. अपाचे फाउंडेशनही रोजच्या डाउनलोडसाठी चालू आवृत्त्याच ठेवतं आणि जुन्या आपल्या अर्काइव्हकडे सोपवतं.

जुन्या आवृत्त्यांमध्ये सुरक्षेच्या त्रुटी असतात, मग त्या ठेवायच्याच कशाला, असं विचारलं जातं. आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच त्या रोजच्या वाटेवर नसाव्यात. स्नॅपशॉटवरून जुना साठा घेताना अनेकदा एपीटीला मुदतीची तपासणी बंद करायला मुद्दाम सांगावं लागतं. हा अडसर मला योग्यच वाटतो. जुन्याकडे जाणाऱ्यानं जाणूनबुजून जावं. पण वाट खुली असावी.

ती वाट किती मोलाची आहे, हे मार्च २०२४ मध्ये दिसलं. ‘एक्सझेड’ या फायली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. लॉगिनला किंचित जास्त वेळ लागतोय, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं तो शोधून काढला. डेबियनला मागे फिरायला ५.४.५ ही आवृत्ती होती. आणखी एक गोष्ट उघड झाली. चोरदरवाजा सुरू करणारी स्क्रिप्ट गिट रेपॉझिटरीत नव्हतीच. ती फक्त डाउनलोडसाठी प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या एकत्र बांधलेल्या फायलीत, होती. म्हणजे रेपॉझिटरी जपली की भागलं, हा समज अपुरा ठरला. लोकांनी प्रत्यक्ष उतरवून घेतलेली फाइल जशीच्या तशी जपावी लागते, अगदी ती विषारी असली तरी. पुरावा तिच्यातच असतो.

हे काम केवळ डिस्क विकत घेऊन होत नाही. आवृत्तीबरोबर तिची सही आणि ती पडताळण्याची सार्वजनिक किल्लीसुद्धा ठेवावी लागते, कारण किल्ली हरवली तर जुन्या सहीला अर्थ उरत नाही. एकदा वापरलेला आवृत्तीक्रमांक दुसऱ्या फायलीला कधीही देऊ नये. निदान एक प्रत तरी मूळ सर्व्हरच्या हुकमाबाहेर असावी. आणि हा खर्च उरल्यासुरल्या निधीतून न काढता प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा. आपली आवृत्ती कुणी रुग्णालयात वापरतं, कुणी तिच्यावर प्रबंध उभा करतं. त्यांच्या कामाची फेरतपासणी करायची वेळ आली, तर तीच आवृत्ती पुन्हा हाती देणं हे ती प्रकाशित करणाऱ्याचं कर्तव्य आहे.