मुखवटा आणि माता

‘फ्रायडे द थर्टीन्थ’ ह्या अमेरिकन भयपटमालिकेचा मागोवा घेणारा ‘क्रिस्टल लेक मेमरीज’ हा २०१३ सालचा अनुबोधपट सहा तासांहूनही लांब आहे. रबर आणि खोटे रक्त वापरून हत्या कशा रंगविल्या, हे कलावंत हसत सांगतात. त्या हसण्यात मला पाप दिसत नाही. ते कारागिराचे हसू आहे. खटकते ते निराळेच. १९८०च्या पहिल्या चित्रपटातील मारेकरी जेसन नव्हे, त्याची आई होती. देखरेख करणाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे मुलगा बुडाला, ह्या दुःखाने ती सूडाला पेटली. (बेट्सी पामर ह्यांनी ही भूमिका स्वीकारली ती मात्र नवी मोटार हवी होती म्हणून!) तिच्या सूडाचे समर्थन होऊ शकत नाही, पण बेपर्वाईचे उत्तरदायित्व कोणाचे, हा तिचा प्रश्न खरा होता. १९८२च्या तिसऱ्या भागात जेसनला हॉकीचा मुखवटा मिळाला आणि तोच मालिकेची ओळख ठरला. त्यानंतर तो प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. बळी तेवढे मोजले जातात.