सुरतेचा बस्ता आणि आहेराची यादी

खानदेशात लग्न ठरलं की बस्त्याचं बोलणं सुरतेपासून सुरू होतं. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावची मंडळी ताप्ती लाइनची गाडी धरतात. नवापूर मागे पडलं की गुजरात लागतो आणि पुढे काही तासांत सुरत. मुक्कामाची चिंता नसते, कारण लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत ज्याचं एकही नातं नाही असं खानदेशी घर शोधावं लागेल. कुणाचे मामा, कुणाची आत्या, कुणाचा साडू तिथे दोन पिढ्यांपासून राहतो. तेच दुकान दाखवतात, भाव पाडतात आणि रात्री भरीत-भाकरी जेवू घालून परतीच्या गाडीत गठ्ठे चढवून देतात. घरी आल्यावर आठवडाभर एकच विषय चालतो: इथे चारशेला मिळणारी साडी तिथे एकशेऐंशीला कशी मिळाली.

सुरतेत कापड स्वस्त मिळतं, यात वाद नाही. त्यामुळे लग्नघराचे पैसे वाचतात, हे मात्र मला पटत नाही.

स्वस्ताईमागे कुठलीही जादू नाही. पॉलिएस्टरचा धागा जवळच हजिऱ्याला तयार होतो. सचिन, पांडेसरा, कतारगामच्या मागांवर तो विणला जातो. पांडेसरा, पलसाणा, कडोदऱ्याच्या मिलमध्ये त्यावर रंग आणि छपाई चढते आणि रिंग रोडच्या मार्केटांत घडी पडून त्याची साडी होते. एवढा सगळा प्रवास एका जिल्ह्यात आटोपतो. मागांची संख्या व्यापारी सहा लाखांच्या वर सांगतात. बाजारात एखादं डिझाइन चाललं की बघता बघता त्याची पॉलिएस्टरमधली नक्कल इथे हजर होते. आपली येवल्याची पैठणीही यातून सुटलेली नाही. हातमागावर एक पैठणी विणायला काही आठवडे लागतात, नक्षी भारी असेल तर महिने लागतात. यंत्रमागावरची ‘सेमी’ मात्र भराभर निघते आणि तिच्या जरीत बहुधा चांदीचा अंशही नसतो. सेमी म्हणून घेतली तर त्यात फसवणूक नाही. हिरवा काठ आणि मोर एवढंच हवं असेल तर ती उत्तम साडी आहे.

आता दुकानात जाऊ. रिंग रोडवरचा खरा घाऊक व्यापारी सहसा एकेक साडी विकत नाही. तो कॅटलॉगचा सेट विकतो: डिझाइन एक, रंग सहा किंवा आठ. माल ट्रान्सपोर्टने रवाना होतो आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. लग्नघरं जातात ती दुकानं वेगळी. तिथे पाटीवर घाऊक भावात एक नग मिळेल असं लिहिलेलं असतं आणि आपण घाऊक भावात घेतल्याच्या खुशीत असतो. चपला काढून पांढऱ्या गादीवर बसलं की पाणी येतं, चहा येतो आणि मग दुकानदार विचारतो, “ताई, नेसायची दाखवू की देण्याची?”

देण्याघेण्याची साडी हा सुरतेच्या बाजारातला स्वतंत्र माल आहे. तिचं कपाट वेगळं आणि भावही वेगळा. नेसायची साडी फर्रकन उलगडून पदर दाखवला जातो. देण्याची साडी उलगडायची पद्धत नाही. पारदर्शक पिशवी, आत पुठ्ठा, वर चकचकीत स्टिकर. गठ्ठ्यातून रंग मोजायचे आणि बाजूला ठेवायचे. हट्टाने उघडायला लावली तर दिसतं की पन्हा दोन बोटं कमी आहे, लांबी पाच मीटरच्या जरा पुढे आहे आणि ब्लाऊजपीस असलाच तर भलत्याच कापडाचा आहे. दुकानदार यातलं काही लपवत नाही. ही साडी कुणी नेसणार नाही, हे त्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला ठाऊक असतं आणि ज्या विहीणबाईंच्या ओटीत ती पडणार त्यांनाही ठाऊक असतं.

हिशेब मांडून पाहू. समजा, आहेराच्या साठ साड्या लागणार आहेत. गावात चारशेच्या भावाने चोवीस हजार होतात. सुरतेत एकशेऐंशीने दहा हजार आठशे. वाचले तेरा हजार दोनशे. पण दुकानात बसल्यावर यादी साठावर थांबत नाही. एवढी स्वस्त आहे तर चुलत सासूच्या जावेलाही देऊ, शेजारच्या दोघींना देऊ, आयत्या वेळी कुणी आलं तर हाताशी असाव्यात म्हणून पंधरा-वीस जास्तीच्या घेऊ. साठाच्या एकशेदहा होतात, म्हणजे एकोणीस हजार आठशे. आठ माणसांचं जाणं-येणं, खाणं, रिक्षा, हमाली मिळून पाच हजार धरले तर चोवीस हजार आठशे. गावात घेतल्या असत्या त्यापेक्षा आठशे जास्त. तरीही घरात सगळे खूश असतात, कारण प्रत्येक साडीमागे दोनशेवीस रुपये वाचले हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. एकूण किती गेले, हे कुणी विचारत नाही.

हा खुळेपणा फक्त आपला नाही. रिचर्ड थेलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1985 मध्ये मांडलं की खरेदीतून माणसाला दोन तऱ्हांचं समाधान मिळतं. एक वस्तूच्या उपयोगाचं आणि दुसरं सौदा साधल्याचं. दुसरं किती जबर असतं याचा दाखला त्यांच्याच देशात 2012 मध्ये मिळाला. जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीने कूपनं आणि सेल बंद करून रोज एकच रास्त भाव लावायचं ठरवलं. वर्षभरात विक्री पाव हिश्शाने घसरली आणि पुढच्या एप्रिलमध्ये नव्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. गिऱ्हाइकाला रास्त भाव नको होता, उतरलेला भाव हवा होता. आहेराच्या साडीत तर पहिलं समाधान मुळात नसतंच. ती नेसायची नाही म्हटल्यावर उरतो तो फक्त सौदा, आणि म्हणूनच तिच्या भावावरून एवढी झटापट चालते.

ज्या बाईला ती मिळते तिचं काय? नेसायची म्हटली तर फॉल-पिकोला शे-दीडशे आणि ब्लाऊज शिवायला तीन-चारशे लागतात. म्हणजे एकशेऐंशीच्या साडीवर पाचशेचा खर्च तिने करायचा. शहाणी बाई तो करत नाही. साडी पिशवीसकट कपाटात जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या ओटीत पडते. काही घरांत तर पिशवीत चिठ्ठी टाकून ठेवतात, कुणाकडून आली ते लिहून, म्हणजे चुकून तिलाच परत जायला नको. चार घरं फिरलेली साडी पाहिली नाही असं मराठी घर विरळाच. या फिरत्या साडीवर प्रत्येक घर आपापल्या पाळीला नव्या साड्या ओतत राहतं आणि एकही अंग झाकलं जात नाही.

स्वस्ताईची किंमत कुणीतरी भरतंच. सुरतेचे माग मुख्यतः ओडिशातल्या गंजामहून आलेले कामगार चालवतात, बारा तासांच्या पाळीत, विणलेल्या मीटरवर मजुरी घेऊन. दक्षिण गुजरातच्या अशा स्थलांतरित मजुरांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी आयुष्यभर लिहिलं. बाकीच्या देशाचं त्यांच्याकडे लक्ष गेलं ते एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत हे कामगार गावी सोडा म्हणत सुरतेच्या रस्त्यावर उतरले तेव्हा. आणि साडीला लेस लावणं, खडे चिकटवणं, लोंबते धागे कापणं ही कामं वस्त्यांमधल्या घराघरांत बायका करतात, नगावर मोजून. त्यांत मराठी घरंही आहेत. बस्त्याच्या दिवशी आपल्याला दुकानात नेणाऱ्या मामी आदल्या रात्री तशाच साडीला खडे लावत बसलेल्या असू शकतात. भाचीच्या लग्नासाठी दुकानदाराकडून अजून वीस रुपये तोडून घेताना तेही त्यांना माहीत असतं. मामींना दोष द्यायचा नाही. नगाचा दर त्या ठरवत नाहीत.

तरी स्वस्त कापडाला नुसती नावं ठेवणाऱ्यांशीही माझं जमत नाही. वर्षाला दोन लुगड्यांवर काढणाऱ्या बाईचे दिवस आपल्याच घरांतल्या आज्यांनी पाहिले आहेत. शेतात राबणारी, धुणीभांडी करणारी, सकाळची एसटी गाठणारी बाई रोज धुतलेलं, लवकर वाळणारं, इस्त्री न लागणारं कापड अंगावर घालू शकते, ते सुरतेसारख्या शहरांमुळेच. गोधडीला ते कापड कामाचं नाही, घसरतं, हे खरं. पण गोधडीसाठी कुणी रोज भिजलेलं सुती लुगडं पिळत बसावं, असं मी म्हणणार नाही.

नेसायच्या साडीत सुरतेला खरी बचत होते. तिला थोडं ज्ञान लागतं. काठाचा एक धागा ओढून जाळून पाहावा. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते, सूत कागदासारखं जळून त्याची राख होते. माल फ्रेश आहे की सेकंड, हे विचारायला लाजू नये. बहुतेक दुकानदार खरं सांगतात. लग्नसराई सरल्यावर उरलेले लॉट निघतात, तेव्हा जावं. साडी उलगडून हाताने मोजावी. आणि स्टेशनावरच्या रिक्षावाल्याने सुचवलेल्या दुकानात शक्यतो जाऊ नये, कारण त्याची दलाली आपल्याच बिलात बसते.

पण लग्नाच्या खर्चात हे सगळं किरकोळ. भाव पाडून हजार वाचतात, यादी छाटून लाख वाचतात. खानदेशात आणि मराठवाड्यात ‘यादी पे शादी’ होते ती याच हिशेबाने. याद्या करायला जमलेले वडीलधारे त्याच बैठकीत अक्षता टाकून मोकळे होतात. तिथे बस्ता म्हणजे नवरा-नवरीचे कपडे आणि फार तर दोन्हीकडच्या आयांची साडी. अशा लग्नांना हिणवणारे नातेवाईक आहेत, पण ते कर्जाचे हप्ते भरायला येत नाहीत.

म्हणून सुरतेला जरूर जावं, पण नावांची यादी गावातच पक्की करून, आणि दुकानात ती एका नावानेही वाढवू नये. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापणारी घरं आता पुष्कळ झाली आहेत. त्यांना एक विनंती: त्याच्याखाली आणखी एक ओळ छापा, की आम्हीही देणार नाही.