चित्रापुढचा माणूस

चित्र पाहताना मनात आलेले विचार लिहावेत आणि ते परक्यांनी वाचण्याजोगे असतात, ही समजूत युरोपात फार जुनी नाही. १५५० मध्ये इटलीतल्या व्हासारीने चित्रकारांची चरित्रे प्रसिद्ध केली. त्यात त्याला कुतूहल होते ते चित्रकाराने काय साधले याचे. पाहणाऱ्याच्या मनात काय उमटले याची चौकशी त्याने फारशी केली नाही. तशी गरजही नव्हती. चर्चमधल्या वेदीवरचे चित्र भाविक गुडघे टेकून पाही, राजवाड्यातले चित्र पाहुणा यजमानाचे वैभव म्हणून पाही. चित्र पाहून काय वाटावे हे ते चित्र ज्या जागी असे तिनेच ठरवून टाकलेले असे.

ही बांधिलकी सैल झाली ती अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये. तिथल्या शाही कला अकादमीची प्रदर्शने लूव्र राजवाड्यातल्या चौकोनी दालनात, म्हणजे ‘सालाँ कारे’त भरत आणि कोणालाही पाहता येत. १७५९ पासून लेखक दनी दिदरो या प्रदर्शनांवर लिहू लागला. त्याचे लेख त्याच्या हयातीत बहुतांशी छापले गेले नाहीत. ग्रिम नावाच्या त्याच्या मित्राचे हस्तलिखित वार्तापत्र युरोपातल्या मोजक्या दरबारांत जाई, त्यातून ते वाचले जात. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन त्या वाचकांपैकी एक. या वाचकांना ती चित्रे दिसण्याची शक्यता नव्हती, त्यामुळे चित्राचे काम शब्दांना करावे लागले. दिदरोची शैली घडली ती या अडचणीतून.

१७६५ च्या प्रदर्शनात ग्रझ या चित्रकाराचे एक चित्र होते: मेलेल्या पक्ष्यापुढे हातावर डोके टेकून बसलेली एक मुलगी. दिदरो तिच्याशी बोलायलाच लागतो. एका पक्ष्यासाठी कोणी एवढे रडत नाही, असे त्याला वाटते. मग तो खोदून खोदून विचारतो, आई घरी नसताना कोण आले होते याची गोष्ट रचतो आणि पक्षी हे केवळ निमित्त आहे असा निवाडा देतो. दोन वर्षांनी व्हेर्नेच्या निसर्गचित्रांवर लिहिताना त्याने आणखी धिटाई केली. आपण एका पाद्र्याबरोबर डोंगरदऱ्यांत फिरायला गेलो होतो असे वर्णन तो पानेच्या पाने करत राहतो. ती स्थळे म्हणजे भिंतीवरची चित्रे होती, हे वाचकाला मागाहून कळते. आपल्याकडे रसशास्त्रकार अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या विघ्नांत प्रेक्षकाचे स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणे धरले आहे. दिदरोच्या लेखी आस्वादाची सुरुवातच तिथून होते.

१० ऑगस्ट १७९३ रोजी लूव्रचे सार्वजनिक संग्रहालय झाले. राजाच्या संग्रहातली आणि चर्चमधून जप्त केलेली चित्रे एका छताखाली आली. पुढे बोनापार्टच्या सैन्याने इटलीतल्या कलाकृती पॅरिसला न्यायला सुरुवात केली, तेव्हा कात्रमेर द कँसी याने १७९६ मध्ये पत्ररूपाने निषेध नोंदवला: कलाकृतीला तिच्या जागेवरून उपटले की तिचा अर्थ मागेच राहतो. त्याचे म्हणणे खरेच होते. पण वेदीपासून सुटलेल्या चित्रापुढे भाविकच उभा राहिला पाहिजे असेही उरले नाही, हा या उपटण्याचा दुसरा परिणाम त्याने हिशेबात घेतला नाही. रिकामी झालेली ती जागा प्रेक्षकाच्या मनाने भरली.

या मोकळीकीचे टोक इंग्रज समीक्षक वॉल्टर पेटरने गाठले. १८६९ मध्ये लिओनार्दोवर लिहिताना त्याने मोनालिसाच्या चेहऱ्यात युगायुगांचे अनुभव साठलेले पाहिले. त्यातले रंगात किती आणि पेटरमध्ये किती, हे सांगणे कठीण आहे. १९३६ मध्ये कवी येट्सने आधुनिक कवितांचा संग्रह संपादित करताना त्याच गद्याच्या ओळी पाडून तो उतारा पहिली कविता म्हणून छापला. चित्रावरच्या चिंतनाला चित्राची गरजच उरली नाही.

उलट दिशेने गेला तो कवी रिल्के. चित्रकार सेझान वारल्यानंतर वर्षभराने, १९०७ च्या शरद ऋतूत, पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचे स्मरण-प्रदर्शन भरले. रिल्के तिथे पुन्हा पुन्हा जाई आणि पत्नी क्लारा हिला पत्रे लिही. वस्तूवरचे आपले प्रेम चितारण्यापेक्षा ती वस्तूच समोर ठेवण्यात सेझानचे मोठेपण आहे, हे त्याने ओळखले आणि स्वतः पाहतानाही तोच संयम पाळायचा प्रयत्न केला. या पत्रांतला ‘मी’ सतत मागे सरतो. या लेखनप्रकारात इतके प्रामाणिक लेखन क्वचितच सापडेल.

संयम सुटला की काय होते, हे व्हॅन गॉगच्या बुटांनी दाखवले. १८८६ मधल्या त्या चित्रातले झिजलेले बूट तत्त्वज्ञ हायडेगरला शेतकरणीचे वाटले. त्यांच्या काळोख्या तोंडात त्याला तिचे कष्ट, ओली माती, भाकरीची चिंता दिसली आणि कलेच्या स्वरूपाविषयीच्या आपल्या सिद्धान्तात त्याने ते वर्णन गोवले. १९६८ मध्ये कलेतिहासकार मेयर शपिरो यांनी आक्षेप घेतला: चित्रकार तेव्हा पॅरिसमध्ये राहत होता, बूट त्याचेच, शहरी माणसाचे, शेतकरीण आली ती हायडेगरच्या मनातून. दहा वर्षांनी तत्त्वज्ञ देरिदाने दोघांनाही पेचात टाकले. हे दोन बूट एकाच जोडीतले आहेत याला तरी पुरावा काय?

ब्रसेल्सच्या संग्रहालयातले ग्रीक पुराणकथेतल्या इकेरसच्या पतनाचे चित्र याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. ऑडनने त्यावर कविता लिहिली १९३८ मध्ये. तेव्हा ते ब्रॉयगलचे मानले जाई. आता अनेक अभ्यासक त्याला हरवलेल्या मूळ चित्राची नक्कल समजतात. तरी कवितेतला विचार डळमळला नाही. समुद्रात बुडणाऱ्या मुलाचे इवलेसे पाय आणि पाठ फिरवून नांगरत राहिलेला शेतकरी हे चित्रात आहेतच, मग ते कोणी का काढलेले असेना. हायडेगरच्या शेतकरणीला असा आधार नव्हता.

मराठीत चित्रांविषयीचे मोलाचे चिंतन बरेचसे चित्रकारांकडूनच आले आहे. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे त्यातले ठळक पुस्तक. त्यात चित्र घडवणाऱ्याचे मन दिसते. तिकीट काढून दालनात शिरलेल्या आणि हाती कुंचला न धरलेल्या माणसाने पाहिलेल्या चित्राविषयी नेटाने लिहावे, ही जागा मराठीत अजून बरीच मोकळी आहे.